सुगीनंतरचा भुसा, डाळ मिलची चुणी आणि कोकरांचं वजन

खरीप-रब्बीची सुगी उरकली की माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात बांधाबांधाला ढीग लागतात. तुरीचा भुसा, हरभऱ्याची गुळी, ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आणि तुरीचं कुटार. यातला चांगला माल बैलं-म्हशींपुढे जातो, काही वीटभट्टीला विकला जातो, उरलेला पेटवतात. मेंढ्यांच्या वाट्याला येतं ते रानात पडलेलं. हाच माल कोरडा साठवला आणि त्याला चुणी (डाळ करताना निघणारे तुकडे, पीठ, टरफलं) आणि पेंड (तेल काढल्यावरचा चोथा) यांची मापात जोड दिली, तर दूध तुटलेल्या कोकरांत अडीच महिन्यांत काट्यावर दिसेल एवढा फरक पडतो. नुसत्या चराईवर दख्खनी कोकरू दिवसाला साधारण ५० ते ७० ग्रॅम वाढतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. खुराक नीट लागला की १०० ते १२० ग्रॅमपर्यंत जातं. माडग्याळ मेंढी मोठ्या चणीची, तिची कोकरं याहून जास्त वाढतात.

खुराक सगळ्या खांडाला, म्हणजे कळपाला, वाटायचा नसतो. शंभर मेंढ्यांत ५ किलो चुणी टाकली तर प्रत्येकीला ५० ग्रॅम मिळते, तीही दांडग्या मेंढ्या दुप्पट खातात आणि मरतुकड्या कडेला उभ्या राहतात. पैसा घालायचा तो दोन ठिकाणी. एक, तीन महिन्यांची झालेली विक्रीची नर कोकरं. दोन, विण्याआधीच्या शेवटच्या दीड महिन्यातल्या गाभण मेंढ्या, कारण तेव्हा आईला कमी पडलं तर कोकरू हलकं जन्मतं, दूध कमी मिळतं आणि पुढे कितीही चारलं तरी ते मागंच राहतं. बाकी खांडाला चराई आणि रात्री भुसा पुरतो. इथे पुढचं बहुतेक सगळं विक्रीच्या कोकरांबद्दल आहे.

भुशाभुशात फरक

मेंढीच्या पोटात चारा पचवतात ते जिवाणू. त्यांना स्वतःला जगायला नत्र लागतं. चाऱ्यात प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणू मंदावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, मेंढी कमी खाते. पोट फुगलेलं दिसतं, पाठीचा मणका हाताला लागतो. गव्हाच्या काडात प्रथिनं ३ टक्क्यांच्या आसपास, ज्वारीच्या कडब्यात ३ ते ५, हरभऱ्याच्या भुशात ५ ते ६. तुरीचा भुसा पानं जास्त असतील तर ८ टक्क्यांच्या पुढे जातो आणि भुईमुगाचा वाळला पाला १० ते १२ पर्यंत. म्हणजे कडबा किंवा गव्हाच्या काडावर कोकरू वाढणार नाही, तग धरेल. भुईमुगाचा पाला आणि पानाचा तुरीचा भुसा मिळत असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

भुईमुगाचा पाला सगळ्यांत चांगला, पण त्याच्या मुळांना माती असते. झाडून, आपटून घ्या. शेंगा तोडल्यावर ओला ढीग लावला की आतून काळा पडतो. तो कोकरांपुढे आणू नका.

तुरीचा भुसा घेताना मळणी यंत्राच्या कोणत्या तोंडातून आलाय ते बघा. वाऱ्यानं लांब उडालेला भाग हलका, पानाचा आणि शेंगांच्या टरफलांचा असतो. यंत्राजवळ पडलेल्या भागात तुराट्यांचे बारीक तुकडे जास्त. हलका भाग कोकरांसाठी वेगळ्या पोत्यांत भरून ठेवा, जड भाग मोठ्या मेंढ्यांना.

सोयाबीनच्या भुसकटाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. दाणा प्रथिनांचा म्हणून भुसाही तसाच असेल असं वाटतं, पण त्यात ४ ते ६ टक्केच प्रथिनं आणि खोडाचा भाग लाकडासारखा कडक. शेंगांची टरफलं मेंढ्या खातात, खोड ठेवतात. काढणीला पाऊस लागला असेल तर हा भुसा घेऊच नये; ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनमध्ये बुरशी हमखास असते.

कडबा आणि बाजरीचं सरमाड कुट्टी करूनच द्या, साधारण एक इंच. याहून बारीक, पिठासारखं करू नका. रवंथ कमी होतो आणि धूळ नाकात जाऊन ठसका लागतो. कोणताही भुसा टाकताना खाण्याच्या मापापेक्षा १५ ते २० टक्के जास्त टाका. मेंढीचं तोंड निमुळतं, ती पानं-टरफलं वेचून खाते आणि काड्या सोडते. ते तिला करू द्या. सोडलेलं म्हशीला घाला किंवा उकिरड्यात टाका. ‘आधीचं संपव, मग पुढचं’ असं केलं की कोकराच्या पोटात काड्याच जातात आणि वाढ तिथेच अडते.

उसाचे वाढे ऊस पट्ट्यात भरपूर मिळतात. त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला चुना (कॅल्शियम) बांधून टाकतं. कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडावी आणि एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावेत. तेही मोठ्या मेंढ्यांना. कोकरांना वाढे देण्यात फारसा अर्थ नाही.

गव्हाच्या काडाशिवाय किंवा भाताच्या पेंढ्याशिवाय काहीच नसेल तर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो कोरड्या काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा. प्लॅस्टिकच्या कागदावर काडाचा सहा इंचांचा थर, त्यावर झारीनं द्रावण सगळीकडे सारखं, पायानं दाबायचं, पुन्हा थर. शेवटी वरून कागद घालून कडा मातीनं बंद करायच्या. २१ दिवसांनी एका बाजूनं उघडायचं, लागेल तेवढंच काढायचं आणि तीन-चार तास वाऱ्यावर पसरून उग्र वास गेल्यावर द्यायचं. प्रथिनं ३ वरून ७ टक्क्यांच्या आसपास जातात आणि काड मऊ पडतं. हे मोठ्या मेंढ्यांसाठी आहे. सहा महिन्यांखालच्या कोकरांना देऊ नका. खुराकात किंवा पाण्यात थेट युरिया कधीच टाकायचा नाही, आणि युरियाच्या पाण्याची बादली मेंढ्यांच्या तोंडी लागेल अशी ठेवायची नाही. तोंडाला फेस, अंग थरथरणं, पोट फुगणं दिसलं तर मोठ्या मेंढीला अर्धा लिटर घरगुती व्हिनेगर तेवढ्याच थंड पाण्यातून बेतानं पाजा, ठसका लागू देऊ नका, आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. अर्ध्या-एक तासात जनावर जातं, त्यामुळे व्हिनेगर आधीच घरात हवं.

मिश्रण

भुशात जे नाही ते खुराकातून द्यायचं: ताकदीसाठी धान्य, प्रथिनांसाठी पेंड आणि चुणी, वर खनिजं आणि मीठ. दूध तुटलेल्या कोकरांना साधारण १६ टक्के प्रथिनांचं मिश्रण पुरतं. १०० किलोसाठी:

मका भरडा ४० किलो
तुरीची चुणी २५ किलो
शेंगदाणा पेंड १५ किलो
गव्हाचा कोंडा १६ किलो
मेंढ्यांचं खनिज मिश्रण २ किलो
कॅल्साइट पावडर (चुनखडीची पूड) १ किलो
मीठ १ किलो

सोयाबीन पट्ट्यात शेंगदाणा पेंड महाग पडते. तिथे मका किंवा ज्वारीचा भरडा ४४, हरभऱ्याची चुणी २५, सोयाबीन पेंड १२, कोंडा १५ आणि खनिजं, कॅल्साइट, मीठ वरीलप्रमाणे. सोयाबीनची पेंड म्हणजे तेल काढल्यानंतरची. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका.

चुणीची प्रत गिरणीगणिक बदलते. हातात घेऊन फुंका. डाळीचे तुकडे आणि पीठ खाली राहिलं तर चुणी चांगली. निम्मी उडून गेली तर ती टरफलं आहेत, चुणीच्या भावानं घेऊ नका. टरफलं जास्त असतील तर चुणी २० किलोवर आणा आणि पेंड ५ किलोनं वाढवा.

मका पिठासारखा दळायचा नाही. मेंढी दाणा चांगला चावते, एका दाण्याचे तीन-चार तुकडे झाले तरी भरपूर. बारीक पीठ पोटात फार लवकर आंबतं, खाली सांगितलेल्या अर्ध्या भानगडी तिथून सुरू होतात. भरडा चाळून पीठ वेगळं निघत असेल तर गिरणीची जाळी बदलून मागा.

मिसळताना खनिजं, मीठ आणि कॅल्साइट आधी ५ किलो कोंड्यात हातानं एकजीव करा, नाहीतर एका कोकराला सगळं मीठ आणि दुसऱ्याला नुसता मका मिळतो. मग बाकी माल थरानं पसरून त्यावर हे टाका आणि फावड्यानं तीन-चार वेळा ढीग पालथा करा. धूळ फार उडत असेल तर देताना पाण्याचा हलका हबका मारा. भिजवून लापशी करू नका. उन्हाळ्यात दोन तासांत आंबते. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच मिसळा.

सरकी पेंड मराठवाड्यात आणि खानदेशात सहज मिळते, पण तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. दूध पिणाऱ्या आणि नुकत्याच दूध तुटलेल्या कोकरांना ती नको. चार महिन्यांनंतर मिश्रणात १५ किलोपर्यंत चालेल. पैदाशीच्या मेंढ्याला शक्यतो देऊ नये.

आता खनिज मिश्रण. हे नीट वाचून घ्या, कारण इथली चूक महिन्या-दोन महिन्यांनी जीव घेते. गाई-म्हशींना आणि कोंबड्यांना तांबं जेवढं चालतं तेवढं मेंढीला चालत नाही. तिच्या यकृतात ते साठत जातं, बाहेर काहीच दिसत नाही, आणि एक दिवस प्रवासाचा, पावसाचा किंवा उपासाचा ताण पडला की सगळं एकदम रक्तात येतं. डोळे पिवळे, लघवी गडद कॉफीसारखी, दोन-तीन दिवसांत मर. म्हणून पाकिटावर मेंढ्यांसाठी असं लिहिलेलंच मिश्रण घ्या. कोंबडीखाद्य आणि पोल्ट्रीचं लिटर (कोंबड्यांखालचा विष्ठेचा भुसा) मेंढ्यांना चारू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. याच कारणानं तासगाव-नाशिकच्या द्राक्ष छाटणीचा पाला आणि सांगोला-आटपाडीच्या डाळिंब बागेतली छाटणी टाळा. तिथे बोर्डो मिश्रणाची फवारणी होते आणि बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबं. फवारणीनंतर बागेत मेंढ्या बसवायलाही नकार द्यावा.

सुरुवात

खुराक सुरू करण्याआधी दोन कामं. जंताचं औषध आठवडाभर आधी, वजन करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. जंत पोटात असताना चारलेली पेंड जंतांनाच जाते. दुसरं, आंत्रविषाराची (आतड्यात जिवाणूंचं विष होणारा रोग) लस. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, तेव्हा दुसरी मात्रा होऊन आठवडा-दहा दिवस गेल्यावर खुराक पूर्ण मापावर न्या. आंत्रविषार आधी उचलतो ते सगळ्यात तरतरीत, भरपूर खाणारं कोकरू. रात्री चांगलं, सकाळी पाय ताणून मेलेलं. खुराकानं मेलं असं म्हणून लोक खुराक बंद करतात. बहुतेक वेळा लस चुकलेली असते आणि माप एकदम वाढवलेलं असतं. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस झालेली नसेल तर तीही याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.

१३ किलोच्या कोकराचं माप असं वाढवा. पहिले तीन दिवस ५० ग्रॅम, पुढचे तीन दिवस १००, पुढचे तीन दिवस १५०, दहाव्या दिवसापासून २००. वजन १६ किलोला गेलं की २५०, १९ किलोच्या आसपास ३००. म्हणजे वजनाच्या साधारण दीड टक्का. त्यापुढे चराई-भुशाच्या कोकरांना वाढवू नका. वाढवून खातात, पण भुसा कमी खातात आणि पोट बिघडतं. २०० ग्रॅमच्या वर गेल्यावर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा विभागून द्या. एखाद्या दिवशी लेंडी मऊ झाली तर आदल्या मापावर या, दोन दिवस थांबा, मग पुन्हा चढा.

रिकाम्या पोटी खुराक देऊ नका. सकाळी आधी थोडा भुसा, मग खुराक, मग चराई. संध्याकाळी चरून आल्यावर पाणी, खुराक, आणि रात्रभर समोर भुसा. एका कोकराला दिवसाला ४०० ग्रॅमच्या आसपास भुसा लागतो, चराई चांगली असेल तर कमी.

माप ओंजळीनं देऊ नका. एका डब्यात २०० ग्रॅम तोलून तिथे रंगाची रेघ मारा आणि तोच डबा रोज वापरा. मिश्रण बदललं की पुन्हा तोला, कारण कोंडा जास्त असला की तोच डबा हलका भरतो.

गव्हाणीला महागडं काही लागत नाही. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा कापला की दोन गव्हाणी होतात. दोन्ही टोकांना लाकडी गुटका ठोका. जमिनीपासून अर्धा फूट उंच, आणि दर कोकराला एक वीत जागा. वीस कोकरांना साडेचार मीटर, पण दोन्ही बाजूंनी खाता येत असेल तर निम्म्यात भागतं. जागा कमी पडली की तीन-चार दांडगी कोकरं सगळं संपवतात, त्यांना अपचन होतं आणि बारकी तशीच राहतात. गव्हाणीत कोकरू उभं राहणार नाही असा वरून एक बांबू बांधा. लेंड्या पडलेला खुराक मेंढी खात नाही, आणि खाल्ला तर कॉक्सिडिया (हगवण लावणारा आतड्यातला परजीवी) पसरतो.

फिरत्या वाड्यावर हे सगळं सुटसुटीत करावं लागतं. वाघरीचा, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीचा, एक कोपरा कोकरांसाठी वेगळा लावा आणि एका लांब ताडपत्रीच्या पट्टीवर खुराक पातळ पसरा. भुसा घोड्यावर नेणं परवडत नाही, पण वीस कोकरांचा आठवड्याचा खुराक म्हणजे २८ किलो, एक पोतं. ज्या शेतात मेंढ्या बसवता तिथल्या शेतकऱ्याकडून खताच्या मोबदल्यात पैशाऐवजी तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा मागता येतो. त्याच्याकडे तो बहुतेक पडूनच असतो.

दूध पिणाऱ्या कोकरांना दोन-तीन आठवड्यांचं वय झाल्यापासून चाटायला थोडा खुराक ठेवा. वाघरीला किंवा कुंपणाला २० सेंटिमीटर रुंदीची फट ठेवली की कोकरू आत जातं, आई बाहेर राहते. महिन्याच्या कोकराला २० ते ३० ग्रॅम, तीन महिन्यांला १०० ग्रॅम. वरचंच मिश्रण चालेल, फक्त भरडा थोडा बारीक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढ्यांना जुळी बऱ्याचदा होतात; तिथे ही फट ऐच्छिक नाही. दोन कोकरांना एका दख्खनी आईचं दूध पुरत नाही.

कोरड्या चाऱ्यावर पाणी जास्त लागतं. एक किलो कोरडा चारा-खुराक खाल्ला की दोन ते तीन लिटर, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. पाणी कमी पडलं की आधी भुसा खाणं कमी होतं, म्हणून ‘भुसा आवडत नाही’ अशी तक्रार आली तर आधी हौद बघा.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते धान्याचं अजीर्ण. कोकरू सुटून मक्याच्या पोत्यात तोंड घालतं, किंवा काढणी झालेल्या गव्हाच्या, मक्याच्या रानात सांडलेला दाणा भरपूर असतो आणि खांड उपाशी तिथे शिरतं. बारा ते चोवीस तासांत कोकरू सुस्त, पोट हलवलं तर पाणी हिंदकळल्यासारखा आवाज, पातळ आंबूस हगवण, दात खाणं. धान्य लगेच बंद करा, फक्त भुसा ठेवा, २० किलोच्या कोकराला २० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून पाजा आणि डॉक्टर बोलवा. आडवं पडलेलं कोकरू घरगुती उपायानं उठत नाही. दाणा सांडलेल्या रानात नेण्याआधी खांड दुसरीकडे चारून पोट भरून न्या, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत.

नर कोकरांना मुतखडा होतो, आणि तो कोंडा आणि धान्य जास्त झाल्यामुळे. कोंड्यात स्फुरद फार, चुना नगण्य. एकूण खाण्यात चुना स्फुरदाच्या दुप्पट असावा लागतो. वरच्या मिश्रणात कॅल्साइट त्यासाठीच आहे, शिवाय तुरीच्या आणि भुईमुगाच्या पाल्यातूनही चुना जातो. कोंडा स्वस्त मिळाला म्हणून १६ चा ४० किलो करू नका. कोकरू पाठ वाकवून कुंथतंय, थेंब थेंब लघवी, लिंगाजवळच्या केसांना रव्यासारखे खडे दिसतात, अशी खूण दिसली तर त्याच दिवशी उपचार हवेत. लहानपणीच खच्ची केलेल्यांत हे जास्त. ज्या कळपात आधी झालंय तिथे मिश्रणात अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड घालतात, तेही डॉक्टरांना विचारून.

बुरशी ही संथ चूक आहे. शेंगदाणा पेंड आणि ओलसर मका यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होतं. कोकरू मरत नाही, वाढत नाही, आणि दोष भलत्याला जातो. हिरवट-काळे ठिपके, कुबट वास, पोत्यात गरम लागणारा गोळा दिसला की ते पोतं बाजूला. उन्हात वाळवल्यानं बुरशी थांबते, तिनं सोडलेलं विष तसंच राहतं. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवा; पेंड पावसाळ्यात महिन्याभरापेक्षा जास्त साठवू नका. भुशाचा ढीग दगड-लाकडाच्या फुटभर उंच ओट्यावर, वर ताडपत्री, पण चारी बाजूंनी गच्च बांधलेली नको. आतली वाफ निघाली पाहिजे. मे महिन्याचा वळीव एकदा लागला की वरचा हातभर थर गेला म्हणून समजा.

सडका कांदा नगर-नाशिककडे ट्रॉलीनं फुकट मिळतो. मेंढीला गाईपेक्षा कांदा बरा सोसतो, तरी कोरड्या हिशोबात एकूण खाण्याच्या चौथ्या भागाच्या आत ठेवा, आणि काळी बुरशी आलेला देऊ नका. लघवी लाल झाली तर थांबवा. कापूस वेचणी संपल्यावर पऱ्हाटीत मेंढ्या सोडताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. कापलेल्या ज्वारीला पाण्याच्या ताणात आलेले कोवळे फुटवे विषारी असतात. गुडघाभर फुटवा असलेल्या रानातून उपाशी खांड नेणं म्हणजे धोका.

हिशोब

वरच्या मापानं ७५ दिवसांत एका कोकराला साधारण १७ किलो खुराक लागतो, वीस कोकरांना ३४० किलो. भुसा सांडलवंडीसकट कोकरामागे ३५ किलो, म्हणजे ७०० किलो. खुराक ३२ रुपये किलोनं घरी पडला आणि भुसा ५ रुपयांनी धरला, तर कोकरामागे ५४४ आणि १७५, एकूण ७१९ रुपये. भाव तुमच्या बाजाराचे घाला. आता चराईवरच्या वाढीपेक्षा रोज ५० ग्रॅम जास्त मिळाले तर ७५ दिवसांत पावणेचार किलो. जिवंत वजनाला ३५० रुपये किलो धरले तर १,३१२ रुपये. कोकरामागे ५९० च्या आसपास उरतात. पण हाच फरक ५० ऐवजी २५ ग्रॅम पडला तर हातात ६५६ रुपये येतात आणि खर्च ७१९ आहे. म्हणजे घाटा. नेमक्या याच कारणासाठी वजन करणं भाग आहे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

५० किलोचा हुकचा डिजिटल काटा आणि पोत्याची झोळी पुरते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, चारा-पाण्याआधी. सगळी जमत नसतील तर पाच-सहा कोकरांना पाठीवर रंग लावून तीच दर वेळी तोला: दोन दांडगी, दोन मधली, दोन बारकी. महिन्याभरात एखाद्यानं अडीच किलो धरले नाहीत तर त्याची लेंडी तपासून घ्या, पापणीच्या आतला रंग बघा. फिकट पांढरी पापणी म्हणजे रक्त पिणारे जंत. उपचार करून पुढच्या पंधरा दिवसांतही हलत नसेल तर त्याला खुराकातून काढून चराईवर सोडा आणि त्याचा वाटा दुसऱ्याला द्या. दांडगी वाढताहेत आणि बारकी थांबलीत असं दिसलं तर खुराकात काही खोट नाही, गव्हाण आखूड आहे.

वाढीचा वेग साधारण दोन-अडीच महिन्यांनी उतरतो आणि तेवढ्याच वाढीला जास्त खुराक लागतो. तोवर भाव बरा असेल तर विका. बकरी ईदसाठी धरून ठेवायची असतील तर मधले दिवस चराई-भुशावर आणि १०० ग्रॅमवर ठेवा, शेवटच्या दीड महिन्यात पुन्हा तीन-तीन दिवसांच्या टप्प्यानं चढवा. विक्रीच्या सकाळी खुराक देऊ नका, वजन वाढावं म्हणून मीठ चारून पाणी तर नाहीच. टेम्पोत गर्दीत उभ्या कोकराचं भरलेलं पोट फुगतं, आणि बाजारातला जाणता गिऱ्हाईक पोटाकडे नाही, कमरेवर हात ठेवून बघतो.